शाळेचा फळा, चर्चची वेदी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी चर्च, असा ज्यांचा आठवडा जातो त्यांची, किंवा त्यांच्या घरच्यांची पत्रं या वेळी बरीच आली. मासुंदा तलावाजवळच्या सोळाव्या शतकातल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपासून ते नवी मुंबईतल्या नव्या वसाहतींपर्यंत हे शिक्षक सगळीकडे आहेत. ते निवृत्त होतात तेव्हा भाषणात ‘समर्पित’ हा शब्द हमखास येतो. त्या शब्दामागे नेमकं कोणतं काम असतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. उत्तरं देताना आम्ही त्या कामावरच भर दिला आहे.

प्रश्न: आत्या ३४ वर्षं अनुदानित शाळेत शिकवत होती आणि जवळजवळ तितकीच वर्षं चर्चच्या धर्मशिक्षण वर्गात होती. ती नुकतीच गेली. तिच्या महिन्याच्या मिस्सेला (निधनानंतर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेला) छोटी पुस्तिका काढायची आहे. ज्याला विचारावं तो ‘फार प्रेमळ होत्या’ एवढंच सांगतो. माहिती कुठून गोळा करायची आणि लिहायचं काय? (चरई, ठाणे)

उत्तर: आधी कागद, मग माणसं. हा क्रम उलटा झाला की प्रत्येकाच्या आठवणीत साल वेगळं निघतं आणि शेवटी कुणाचंच धरता येत नाही.

शाळेचा मुख्य कागद म्हणजे सर्व्हिस बुक. नेमणुकीची तारीख, शैक्षणिक पात्रता, वेतनवाढी, रजा हे सगळं त्यात असतं. घरच्यांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन त्यातल्या नोंदी पाहायला मागाव्यात. घरातल्या कपाटात शिक्षणाधिकाऱ्यांचा वैयक्तिक मान्यतेचा आदेश, निवृत्तीचा आदेश आणि पेन्शनचे कागद बहुधा एकाच फायलीत सापडतात. टाचणवह्या (रोजच्या पाठांच्या नोंदी) सापडल्या तर टाकू नका. एखाद्या पानावर ‘आज अपूर्णांक पुन्हा’ असं लिहिलेलं असेल, तर ते पान पुस्तिकेत छापण्याजोगं आहे. शाळेचे वार्षिक अंक आणि वर्गाचे फोटोही पाहा. फोटोत पुढे धरलेल्या पाटीवर बहुतेक वेळा साल आणि तुकडी असते.

चर्चचा मुख्य कागद म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. ती बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) असते, राहत्या पॅरिशमध्ये नव्हे. आईवडील, धर्मपिता-धर्ममाता आणि बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांचं नाव तिथे मिळतं. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) आणि लग्न यांच्या नोंदी त्याच ओळीच्या समासात केलेल्या असतात.

आता ठाणेकरांना हमखास चकवणाऱ्या दोन गोष्टी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्यामुळे आत्यांनी आधी वसईकडे नोकरी केली असेल, तर जुन्या कागदांवर ‘जि. ठाणे’च दिसेल. तसंच वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याआधीच्या तिथल्या दाखल्यांवर मुंबई आर्चडायोसिसचं (महाधर्मप्रांताचं) नाव असतं. ठाणे शहर आजही मुंबई आर्चडायोसिसमध्येच आहे. दोन कागद जुळत नाहीत म्हणून एक खोटा ठरवू नका. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत नाव घालताना १ जून लावण्याची पद्धत सर्रास होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीतली जन्मतारीख वेगळी निघाली तर पुस्तिकेत ती घ्या, कारण ती जन्मानंतर लवकर लिहिलेली असते.

कागदात जे नाही त्याचा काळ आसपासच्या घटनांवरून ठरवता येतो. ‘तेव्हा टीचर ठाण्याहून वाशीला बसनेच जायच्या’ असं कुणी म्हणालं, तर बहुधा ते २००४ च्या आधीचं, कारण ट्रान्स-हार्बरची गाडी त्या वर्षी सुरू झाली. ‘लहानपणी मिस्सेची उत्तरं लॅटिनमध्ये पाठ करायचो’ असं असेल तर ते साठच्या दशकातले बदल होण्याआधीचं. त्या पिढीची एस.एस.सी. अकरावीला होती. ‘दहावी पास’ असं छापलं तर जुने सहकारी लगेच चूक दाखवतील.

आता माणसं. ‘टीचर कशा होत्या?’ या प्रश्नाचं उत्तर ‘प्रेमळ’ असंच येणार. त्याऐवजी विचारा: वर्गात शिरल्यावर पहिलं काय करायच्या? वही तपासताना चूक खोडायच्या की नुसती खूण करायच्या? मार पडायचा का, कशासाठी? उशिरा येणाऱ्याला काय म्हणायच्या? रविवारी चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसायच्या आणि का? धर्मशिक्षक बहुतेकदा मुलांच्या बाकांच्या मागे, कडेला बसतात. पुढे बसलं की मागच्या ओळी दिसत नाहीत. अशा एका उत्तरात माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

थोडा हिशेबही करा. जून ते मार्च धर्मशिक्षणाचे साधारण ३५ रविवार धरले, तर ३० वर्षांत १,०५० तास होतात. हा आकडा बाकी सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त सांगतो. शाळेतल्या विद्यार्थ्यांची संख्या काढताना मात्र सावध राहा. एकच मूल आठवी आणि नववी अशी दोन वर्षं त्यांच्याकडे असू शकतं, म्हणून वर्गसंख्येला वर्षांनी सरळ गुणून येणारा आकडा फुगलेला असतो.

कुणाची फी त्यांनी गुपचूप भरली असेल तर तेवढंच लिहा. कुणाची भरली ते लिहू नका, त्या विद्यार्थ्याने स्वतः सांगितलं तरी छापण्याआधी त्याला पुन्हा विचारा. आजारपणाला एक वाक्य पुरे.

पुस्तिकेला ९०० ते १,००० शब्द भरपूर होतात. चर्चमध्ये वाचायचा मजकूर वेगळा करा: ३०० शब्द, म्हणजे सावकाश वाचले तर तीन मिनिटं. तो प्रवचनाच्या जागी येत नाही. कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकर घेतल्यानंतरच्या) प्रार्थनेनंतर त्याला जागा देता येते, पण फादरांना आधी विचारून वेळ ठरवा. छपाईआधी एक प्रत जुन्या सहकाऱ्याला आणि एक धर्मशिक्षण वर्गातल्या सोबतीणीला द्या. घरच्यांच्या नजरेतून सुटलेली चूक त्यांना दिसते.

प्रश्न: पहिल्या कम्युनियनच्या वर्गात २८ मुलं आहेत, वय आठ-नऊ. सकाळच्या मिस्सेनंतर पाऊण तास मिळतो. गोंगाट होतो आणि पुढच्या रविवारी कुणाला काही आठवत नाही. मुलं इंग्रजी माध्यमाची, मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. (नेरूळ)

उत्तर: गोंगाटाचं पहिलं कारण भूक आहे. नाश्ता न करता आलेलं मूल मिस्सेनंतर आणखी पाऊण तास शांत बसणार नाही. पाच मिनिटं बिस्किटं आणि पाण्याला द्या, मग दार ओढून घ्या. कुणाला शेंगदाणा, दूध किंवा गव्हाची ॲलर्जी आहे का, हे पहिल्याच दिवशी पालकांकडून लिहून घ्या. गव्हाचा प्रश्न पुढेही येणार आहे.

दुसरं कारण, पाऊण तासात एकापेक्षा जास्त मुद्दे. एका रविवारी एकच गोष्ट. हजेरी आणि प्रार्थना पाच मिनिटं, गेल्या वेळची उजळणी सात, नवी गोष्ट बारा, हाताने करायचं काम बारा, वहीत दोन ओळी आणि घरी सांगायचं एक वाक्य, एवढं झालं की वेळ संपतो. उजळणी तोंडी प्रश्नांनी केली की तीच चार हुशार मुलं उत्तरं देतात. त्याऐवजी गेल्या वेळच्या गोष्टीचे सहा प्रसंग सहा कागदांवर काढून आणा आणि मुलांना क्रमाने लावायला द्या. अठ्ठावीसचा वर्ग एका आवाजात धरणं अवघडच आहे. दृढीकरण झालेला एखादा तरुण मदतनीस घ्या आणि हाताच्या कामाच्या वेळी चौदा-चौदाचे दोन गट करा.

प्रार्थना पाठ करून घेताना शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा. आधी शेवटची ओळ, मग शेवटच्या दोन, मग तीन. मूल प्रत्येक वेळी नव्याकडून ओळखीच्या ओळीकडे जातं आणि मध्येच अडकत नाही. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या दोन ओळी खणखणीत येतात आणि पुढे नुसती गुणगुण उरते. मोठ्या देवनागरी अक्षरांचा तक्ता लावा आणि म्हणताना बोट ओळीवर फिरवा. पहिला महिना मुलांनी वहीत रोमन लिपीत लिहिलं तर चालू द्या. प्रार्थना आली पाहिजे, लिपी मागून येते.

पहिल्या पापनिवेदनाची भीती मोठी असते. आदल्या आठवड्यात मुलांना कबुलीची जागा दाखवा, आत बसून पाहू द्या. विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त हे पाच टप्पे पाच बोटांवर शिकवा. मुलांनी काय लिहून आणलं ते कधीही वाचू नका, विचारू नका, ‘बरोबर आहे का’ म्हणून तपासू नका. चिठ्ठी मुलाने स्वतः फाडून टाकायची. यात धर्मशिक्षकाकडून चूक झाली तर मूल पुढे कित्येक वर्षं त्या दारापाशी अडतं.

समारंभाच्या आठ दिवस आधी अभिषेक न झालेला होस्ट (कम्युनियनमध्ये देतात ती गव्हाची पातळ चकती) प्रत्येकाला चाखायला द्या. चव आणि टाळूला चिकटणं माहीत नसलं तर ऐन वेळी मूल घाबरतं किंवा ठसकतं. हातावर घ्यायचा असेल तर डावा तळहात वर, उजवा त्याच्याखाली, आणि तिथेच उभं राहून तोंडात घालायचा. ज्या मुलाला गहू चालत नाही त्याच्यासाठी कमी ग्लूटेनचा होस्ट मागवता येतो. अजिबात ग्लूटेन नसलेला चर्चच्या नियमात बसत नाही. हा होस्ट वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवायचा. तो बाकीच्यांत मिसळला, किंवा त्याच बोटांनी दिला गेला, तर कमी ग्लूटेनचा काही उपयोग राहत नाही.

गोष्टींसाठी लांब जायला नको. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यातच, तेव्हाच्या मुसलमान राजवटीत, टॉलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती हुतात्मे झाले. ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी इथून थेट चीनपर्यंत नेल्या. नकाशावर बोट ठेवून हा प्रवास दाखवला की मुलं डोळे विस्फारून ऐकतात. सांगताना भर त्या चौघांच्या धैर्यावर ठेवा. वर्गातून बाहेर पडताना कुठल्याही मुलाच्या मनात शेजारच्या मुसलमान मित्राविषयी अढी राहता कामा नये.

आणि सुरक्षा. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं किंवा काचेचं, घरी नेणाऱ्याची सही असलेली वही. एकट्या मुलाला एकट्या मोठ्या माणसाबरोबर कुठेही पाठवायचं नाही, सॅक्रिस्टीतही (वेदीचं सामान ठेवायच्या खोलीतही) नाही. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका, त्याच्याच शब्दांत लगेच लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे हे माहीत असणाऱ्या प्रत्येकावर बंधन आहे. फक्त फादरांना किंवा पालकांना सांगितल्याने ते पूर्ण होत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक वर्गातल्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा.

प्रश्न: अनुदानित अल्पसंख्याक शाळेत शिक्षिका आहे. शाळेच्या वेळात ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असा तास असतो. एका पालकाने हरकत घेतली. शिवाय मी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मुलांना गणित शिकवते, त्यावरही बोट ठेवलं गेलं. (कोपरी, ठाणे)

उत्तर: दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळेच ठेवा.

संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) नुसार मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची लागते. म्हणून ‘ख्रिस्ती आहे म्हणजे बसेलच’ हेसुद्धा चुकीचं. प्रत्येक मुलाच्या पालकाची सही दरवर्षी जूनमध्ये घ्या आणि फाइल करून ठेवा. मूल्यशिक्षणाच्या तासाला बायबलमधल्या गोष्टी ‘मूल्यं’ म्हणून सांगण्याचा मोह होतो. तो टाळा. तो तास वेगळ्या शिक्षकाने, वेगळ्या खोलीत, वेगळ्या साहित्याने घ्यावा. हरकत घेणाऱ्या पालकाशी वाद घालू नका, दोन्ही तासांचा आराखडा त्यांच्यासमोर ठेवा.

गणिताचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई करतं. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. तुम्ही पैसे घेत नसाल तरी स्वतःच्याच वर्गातली मुलं हॉलमध्ये बसली की संशयाला जागा राहते. मुख्याध्यापकांना लेखी कळवा: कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता, विनामूल्य. आपल्या तुकडीतली मुलं दुसऱ्या स्वयंसेवकाकडे द्या, तुम्ही दुसरी घ्या. आणि उत्तरपत्रिका चर्चच्या हॉलमध्ये कधीही तपासू नका, घटक चाचणीच्याही नाही.

प्रश्न: पावसाळ्यात वेदीच्या कापडांना बुरशीचे ठिपके पडतात, मेणाचे आणि वाइनचे डाग जात नाहीत. होस्टही मऊ पडतात. (कळवा)

उत्तर: ठाण्याच्या पावसात हे होणारच, पण अर्ध्याहून जास्त नुकसान चुकीच्या क्रमाने धुण्यामुळे होतं.

कॉर्पोरल (वेदीवर पेल्याखाली अंथरतात ते चौकोनी कापड) आणि प्युरिफिकेटर (पेला पुसायचं कापड) घरच्या कपड्यांत टाकायचे नाहीत, हे सांगायला नको. आधी एका स्वच्छ भांड्यात साध्या पाण्यात बुडवून ठेवा, हलवा, आणि ते पाणी सॅक्रेरियममध्ये (थेट मातीत निचरा होणाऱ्या खास कुंडीत) किंवा बागेतल्या मातीत ओता, मोरीत नाही. हे झाल्यावरच साबण. वाइनच्या डागावर गरम पाणी किंवा इस्त्री आधी लागली की डाग पक्का बसतो, म्हणून पहिलं पाणी नेहमी थंड. प्युरिफिकेटरवरचा लिपस्टिकचा डाग तेलकट असतो. त्यावर भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब चोळून पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. क्लोरीनच्या ब्लीचने लिनन पिवळं पडतं आणि धागा कमजोर होतो. पांढरेपणा हवा असेल तर पाऊस उघडलेल्या दिवशी ओलं कापड उन्हात वाळवा.

मेण ओलं असताना पुसू नका, पसरतं. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन त्यावर ठेवा, कडक झालं की बोथट सुरीने काढा. उरलेल्या डागाच्या वर आणि खाली तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद तेलकट झाला की बदला. तीन-चार कागद लागतात. रंगीत मेणबत्तीचा रंग यानेही जात नाही, म्हणून आगमनकाळातल्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या) जांभळ्या मेणबत्त्यांखाली बशी हवीच.

खळ फक्त कॉर्पोरलला. प्युरिफिकेटरने टिपायचं असतं, खळ लावली की तो टिपत नाही. कॉर्पोरल दोन्ही बाजूंनी तीन-तीन घड्या, म्हणजे नऊ चौकोन, अशी घडी करा. त्यावर पडलेला बारीक कण आतच राहावा म्हणून ही घडी असते, आणि म्हणूनच ती झटकून उघडायची नाही.

बुरशीचं मूळ कारण अर्धवट वाळलेलं कापड बंद कपाटात ठेवणं. जून ते सप्टेंबर इस्त्री केल्यावर अर्धा तास पंख्याखाली मोकळं राहू द्या, मगच घडी. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास प्युरिफिकेटरमधून थेट चॅलिसला (वाइनच्या पेल्याला) लागतो. सुकवलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवा आणि दर महिन्याला बदला. झगे भिंतीला टेकून टांगू नका, बाहेरची भिंत पावसात घाम धरते.

होस्टचं पाकीट फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाका, सोबत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात एका वेळी एकच पाकीट फोडायचं. रविवारच्या तीन मिस्सांना अंदाजे किती लागले ते महिनाभर लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी नवं पाकीट फोडून निम्मं उरत नाही. धूपदानीचा कोळसाही त्याच पद्धतीने कोरडा ठेवा आणि मिरवणुकीच्या दहा मिनिटं आधी पेटवा.

एक इशारा. पितळी मेणबत्तीदाणीला पितांबरी उत्तम. सोन्याचा मुलामा असलेल्या चॅलिसला मात्र ती किंवा कोणतीही पूड लावू नका, मुलामा खरवडला जातो आणि पुन्हा चढवायला मोठा खर्च येतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, बस.

प्रश्न: मिस्सेत बायबलचं वाचन करताना ‘थेस्सलनीकाकरांस’ आलं की अडखळते. दिवसभर शाळेत बोलून आवाजही बसलेला असतो. (ऐरोली)

उत्तर: शब्द तोडून म्हणा: थेस्स–लनी–का–करांस. गुरुवारपासून रोज दोनदा, मोठ्याने, उभ्याने. ‘हबक्कूक’ आणि ‘यहेज्केल’ यांचंही असंच. श्वासाच्या खुणा वाचनाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने करा, चर्चच्या ग्रंथावर नाही. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा खाली, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. आवाज बसला असेल तर कुजबुजून बोलू नका, त्याने स्वरयंत्राला जास्त ताण पडतो. शनिवारी संध्याकाळी गप्प राहणं हाच खरा उपाय. दोन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे अख्खा उपवासकाळ परीक्षांच्या दिवसांत. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या वाचनाचा सराव जानेवारीतच उरकून घ्या.

प्रश्न: आम्ही काही निवृत्त शिक्षक चर्चच्या हॉलमध्ये वस्तीतल्या मुलांसाठी वाचनवर्ग सुरू करतोय. चौथी-पाचवीची मुलं, घरी हिंदी, कन्नड किंवा मराठी. बऱ्याच जणांना वाचताच येत नाही. (तुर्भे)

उत्तर: इयत्ता विसरा. प्रत्येक मुलाला एकट्याला पाच मिनिटं बसवून चार गोष्टी वाचायला द्या: सुटी अक्षरं, दोन-तीन अक्षरी शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथे अडतं तो त्याचा गट. पाचवीचं मूल अक्षरांच्या गटात बसलं तर बसू दे, फक्त गटाला ‘पहिली’ म्हणू नका. गटांना फुलांची नावं द्या. एका शिक्षकामागे दहा-बारा मुलं, आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास. आठवड्यातून एकदाच तीन तास घेतले तर मधल्या सहा दिवसांत शिकलेलं विरतं.

अक्षरं ‘क ख ग घ’ या क्रमाने शिकवू नका, पहिला शब्द वाचायला महिना जातो. क, म, ल, र, न आणि काना एवढं आधी घ्या. पहिल्याच आठवड्यात नाक, कान, काम, मामा, लाल, कमल वाचता येतं, आणि ‘मला वाचता येतं’ हे मुलाला कळणं सगळ्यात महत्त्वाचं. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व, र आणि स या जोड्या कधीही एकत्र शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, दोन आठवड्यांनी दुसरं. एकत्र शिकवून ‘फरक बघा’ म्हटलं की दोन्हींचा गोंधळ कायमचा बसतो.

वेलांटीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. ‘दिवस’ लिहिताना मूल आधी ‘द’ काढून मग जागा शोधतं. आधी अक्षर आणि मग डावीकडून वेलांटी असं करू द्या, सरावाने सुटतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिले तीन महिने दाखवू नका. जोडाक्षरांत ‘र’ वेगळ्या दिवशी घ्या, कारण त्याची रूपं वेगवेगळी: सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्यावर. हिंदी बोलणाऱ्या मुलांना ‘ळ’ आणि दोन प्रकारचा ‘च’ ऐकूच येत नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ म्हणून दाखवा, ओठ-दात बघू द्या. कानाला कळल्याशिवाय जिभेला येणार नाही.

तासातली शेवटची दहा मिनिटं शिक्षकाने नुसती गोष्ट वाचून दाखवायची, प्रश्न विचारायचे नाहीत. मुलं त्या दहा मिनिटांसाठी येतात. पाच शब्दांचं शुद्धलेखन आठवड्यातून एकदा पुरे, आणि पातळीची चाचणी दर सहा आठवड्यांनी पहिल्यासारखीच घ्या.

हॉल चर्चचा आहे, मुलं सगळ्या धर्मांची आहेत. वर्गाच्या सुरुवातीला प्रार्थना म्हणवून घेऊ नका आणि बायबलच्या गोष्टींची पुस्तकं त्या फळीवर ठेवू नका. पालकांनी विश्वासाने पाठवलं आहे, तो विश्वास राखायलाच हवा. मे महिन्यात मुलं गावाला जातात, जूनमध्ये निम्मी विसरून परत येतात. त्याने खचू नका, दोन आठवडे उजळणीला ठेवूनच वर्षाचं नियोजन करा.

प्रश्न: गुडघ्यांमुळे आता सॅक्रिस्टीचं काम झेपत नाही. बावीस वर्षांचं काम कुणाला कसं सोपवावं? (वाशी)

उत्तर: एकदम सोडू नका, एक पूर्ण पूजनवर्ष बरोबर काढा. आगमनकाळ ते ख्रिस्तराजाचा सण असं एक चक्र पाहिल्याशिवाय नव्या माणसाला काळानुसार बदलणाऱ्या कापडांचे रंगही पक्के होत नाहीत, उपवासकाळात वेदीवर फुलं नसतात पण चौथ्या रविवारी चालतात हेही लक्षात राहत नाही. पहिले चार महिने तुम्ही करा आणि त्यांनी पाहावं. पुढचे चार त्यांनी करावं आणि तुम्ही खुर्चीत बसून पाहावं. शेवटचे चार तुम्ही फक्त फोनवर.

तुमच्या डोक्यात असलेलं वहीत उतरवा: कुठल्या कप्प्यात काय, किती प्युरिफिकेटर, धोब्याकडे काय जातं आणि काय कधीच जात नाही, होस्ट कुठून येतात आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याला किती टॉवेल लागतात. काम शिकायला एक नव्हे, दोन माणसं घ्या, एक पन्नाशीची आणि एक विशीची. वस्तूंची यादी फादरांसमोर मोजून तिघांच्या सह्या करा आणि किल्ल्यांना क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले लावा. बिल्ल्यावर कपाटाचं नाव लिहू नका. कोणता क्रमांक कुठल्या कुलुपाचा, हे फक्त त्या वहीत असू द्या.